बडोद्यात शिष्येसाठी जागा: आधी भट्टी, मग खोली

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्याकडे तुमच्यापाशी मातीकाम शिकलेली मुलगी जूनपासून बडोद्याला येते आहे. शाळेत अर्ध्या दिवसाची चित्रकला-शिक्षिकेची नोकरी, राहायला मांजलपूरला मावशीकडे. दुपारनंतरचा वेळ चाकावर जावा म्हणून तिला भाड्यानं एक खोली घेऊन द्यावी, तीत तुमचं जुनं चाक आणि एक लहान इलेक्ट्रिक भट्टी बसवावी, असं तुमच्या मनात आहे. खोली कोणत्या भागात बघावी, एवढंच तुम्ही विचारलं आहे.

माझं उत्तर: खोली घेऊच नका. निदान पहिलं वर्ष तरी नको.

चाकाला जागा लागतेच किती? चाक, बसायचं स्टूल, मातीची दोन पिंपं आणि ओली भांडी ठेवायला एक मांडणी, एवढ्याला साधारण आठ बाय आठची पडवी पुरते. एवढीशी ही गरज बडोद्यात कुठल्याही बंगलीच्या मागच्या बाजूला भागते. अर्ध्या अश्वशक्तीचं चाक घरातल्या साध्या पंधरा अँपिअरच्या प्लगवर आरामात चालतं. अडतं ते भाजण्यापाशी. भट्टीला वेगळी वीज लागते, वेगळं छप्पर लागतं, घरमालकाची वेगळी परवानगी लागते आणि शेजाऱ्यांची सहनशक्ती लागते. या सगळ्यासकट जागा शोधायला निघालात की भाडं दुप्पट होतं आणि पर्याय दहावर येतात. म्हणून या दोन गोष्टी तोडा. घडवायची जागा घराजवळ, भाजायची जागा दुसऱ्याची. शोध खोलीचा करू नका, भट्टीतल्या एका फळीचा करा, म्हणजे भांडी रचायच्या एका कप्प्याचा.

विजेचं गणित आधी सांगते, कारण घरमालकाशी बोलताना सगळे तिथेच फसतात. तुम्ही म्हणता तशी लहान भट्टीसुद्धा सहा ते नऊ किलोवॅटची असते. सहा किलोवॅट सिंगल फेजवर घेतली तर सव्वीस अँपिअर सलग सात-आठ तास ओढणार. जुन्या घरातली ॲल्युमिनियमची वायर त्यात गरम होते, मीटरपाशी वास येतो, आणि त्या दिवशी घरमालक तुमच्या मुलीला पहिल्यांदा आणि शेवटचं रागावतो. नऊ किलोवॅट थ्री फेजवर घेतली तर प्रत्येक फेजला तेराच अँपिअर येतात, भट्टी सुखानं चालते. पण थ्री फेज घ्यायचं म्हणजे एमजीव्हीसीएल या इथल्या वीज कंपनीकडे लोड वाढवण्याचा अर्ज, मालकाची लेखी संमती, नवं मीटर, तांब्याची स्वतंत्र केबल, स्वतंत्र एमसीबी आणि खरंखुरं अर्थिंग. घरगुती मीटरवर धंद्याचं काम चाललंय हे लक्षात आलं तर दरही बदलतो. भाड्याच्या अकरा महिन्यांच्या करारावर एवढा खर्च कोणी करू नये. सोडताना केबल उपटून नेता येते, अर्थिंगचा खड्डा नेता येत नाही.

गॅसची भट्टी मनात असेल तर एकच सांगते. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली साचतो. तळघर, अर्धं तळघर, बंद दुकानगाळा, असली जागा कितीही स्वस्त मिळाली तरी बघायलाही जाऊ नका.

आता भट्ट्या आहेत कुठे. बडोद्याचं नशीब असं की इथे त्या आहेत. सयाजीराव विद्यापीठाची फाइन आर्ट्स फॅकल्टी १९५० साली सुरू झाली, आणि तिथे शिकायला आलेली मुलं शिक्षण संपल्यावर आपापल्या गावी परतली नाहीत, इथेच शेड नाहीतर फ्लॅट घेऊन राहिली. ही गावाची जुनी खोड आहे. ज्योत्स्ना भट यांनी १९७२ पासून २००२ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथे सिरॅमिक शिकवलं. २०२० मध्ये त्या गेल्या. पण त्यांच्या हाताखालून गेलेले, आणि त्या हातांखालून पुढे शिकलेले लोक गोरवा, सुभानपुरा, समा, भायली, सेवासी अशा भागांत काम करताना दिसतील. काही पाँडिचेरीला गोल्डन ब्रिज पॉटरीत राहून शिकून आलेले असतात. रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी ती १९७१ मध्ये उभी केली, आणि तिथून आलेल्या माणसाला भट्टी वाटून घ्यायची सवय असते, कारण तिथे त्याला तेच शिकवलेलं असतं. खुद्द फॅकल्टीची भट्टी बाहेरच्यांसाठी नाही, तिथे अर्ज करण्यात वेळ घालवू नका. मात्र उन्हाळ्यात तिथे विद्यार्थ्यांच्या कामाचं वार्षिक प्रदर्शन असतं, त्याला तिनं जावं. सिरॅमिकच्या दालनात तासभर उभी राहिली तरी गावातले निम्मे भट्टीवाले तिथून चालत जातात.

अलेंबिक या औषध कंपनीच्या जुन्या कारखान्याच्या आवारातही कलाकारांसाठी स्टुडिओ केले आहेत. जागा देखणी आहे. पण अशा ठिकाणी निवड होऊन, ठरावीक मुदतीपुरतं बसायला मिळतं. शिकाऊ मुलीनं पहिल्या वर्षी त्याच्या भरवशावर राहू नये. दोन वर्षांनी स्वतःचं सांगण्यासारखं काम झालं की अर्ज जरूर करावा.

भट्टीवाल्याकडे जायचं कसं, हे नीट ऐका. भट्टीवाल्याला जागेची चणचण नसते, त्याला भीती असते. तुमची माती लाल. साताऱ्याकडच्या विटांच्या मातीतून तुम्ही बॉडी, म्हणजे घडवायचं मिश्रण, बनवता असं तुम्ही लिहिलं आहे. ती ९५०-१००० अंशांवर छान पक्की होते. इथले बहुतेक स्टुडिओवाले स्टोनवेअर, म्हणजे जास्त आचेवर दगडासारखी घट्ट होणारी भांडी करतात, १२२० च्या पुढे भाजतात. बहुतेक लाल माती ११०० च्या वर फुगायला लागते, मग बसते, मग वितळते. एका वाडग्यानं वितळून सिलिकॉन कार्बाइडच्या फळीला मिठी मारली की फळी गेली, आणि खालच्या फळीवरचं दुसऱ्याचं महिन्याभराचं कामही गेलं. म्हणून अनोळखी मुलगी पिशवीत भांडी घेऊन दारात आली की भट्टीवाला गोड बोलून चहा पाजतो आणि ‘सध्या भट्टी बंद आहे’ म्हणतो. खोटं बोलत नाही तो, स्वतःला वाचवत असतो.

त्यामुळे पहिल्या भेटीला भांडी नेऊ नयेत. चाचणीच्या पट्ट्या न्याव्यात. प्रत्येक पट्टीवर ओली असताना बरोबर दहा सेंटिमीटरची रेघ ओढलेली, म्हणजे भाजल्यावर माती किती आकसली ते कळतं, मागे मातीचं नाव आणि तारीख कोरलेली. त्यातल्या काही तुमच्याकडेच बिस्क, म्हणजे ग्लेझ लावण्याआधीची पहिली भाजणी, करून द्या, काही कच्च्या ठेवा. तिनं म्हणावं, ‘ही आमची माती, हजार अंशांची आहे, तुमच्या बिस्कमध्ये एक पट्टी ठेवाल का?’ आणि पट्टी उघडी द्यायची नाही, किल्नवॉश (वितळलेलं चिकटू न देणारा लेप) लावलेल्या भाजक्या बशीत ठेवून द्यायची, म्हणजे काही घडलंच तर ते बशीतच राहील. जो माणूस ही बशी बघेल त्याला न सांगता कळेल की ही मुलगी कोणाच्या तरी हाताखाली नीट शिकली आहे. शिफारसपत्रापेक्षा बशीवर माझा जास्त भरवसा आहे.

शिफारसपत्र तरीही द्या, पण खरं लिहा. ‘अत्यंत गुणी व मेहनती’ असलं काही नको, ते प्रत्येकजण लिहितो. माती मळते का, जुनी माती परत उपयोगात आणता येते का, किती किलोचा गोळा चाकावर मधोमध आणते, भट्टी रचता येते का, एकटी भट्टीपाशी थांबली आहे का, ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप) स्वतः कालवते की भांडं फक्त त्यात बुडवते, एवढं लिहा. जे येत नाही तेही लिहा. भट्टी रचता येणारी शिकाऊ इथे कोणालाही हवी असते, कारण ते कंबरमोड काम कोणालाच नको असतं.

मग अटी. भाडं पैशात द्यायचं की कामात, हा प्रश्न येईलच. पैशात असेल तर फळीमागे किंवा भट्टीमागे दर ठरतो. तो योग्य आहे का हे ताडायला एक अंदाज हाताशी ठेवा: नऊ किलोवॅटची भट्टी बिस्कला आठ तास चालली तरी पूर्ण वेळ पूर्ण जोरात नसते, चाळीस-पंचेचाळीस युनिटांच्या आसपास बसते. त्यावर कॉइलची आणि फळ्यांची झीज, मालकाचा वेळ. त्याहून फार वर कोणी मागत असेल तर घासाघीस करा. कामात असेल तर तास लिहून ठेवा. मी हे ठासून सांगते, कारण शिकाऊ म्हणून ठेवलेली मुलगी वर्षभर दुसऱ्याच्या ऑर्डरी वाळवते, लादी पुसते आणि तिचं स्वतःचं एक भांडं भट्टीत जात नाही, हे या धंद्यात सर्रास चालतं, आणि त्याला ‘गुरुकुल’ म्हणायची पद्धतही आहे. आठवड्यातले कोणते दोन दिवस मालकाचे, त्या बदल्यात महिन्यात किती फळ्या तिच्या, तिच्या भांड्यांवर शिक्का तिचाच, भट्टीत फुटलं तर ज्याचं भांडं फुटून दुसऱ्याचं बिघडलं त्यानं काय द्यायचं, हे एका कागदावर असू दे. व्हॉट्सॲपवरचा एक मेसेजही चालेल, पण लिहिलेलं हवं. तुमच्या ग्लेझच्या पाककृती तिनं इथे वापराव्यात का, हे तुम्ही तिला आधीच सांगा, नाहीतर विचारल्यावर ती अडखळेल आणि मालकाला वाटेल लपवते आहे. आणि तिच्या जमेची एक बाजू: भाजणं आठ-दहा तास चालतं आणि निवायला पुढचा दिवस जातो. ती शाळेत नोकरीला आहे, म्हणजे रविवार आणि सुट्ट्या तिच्या मोकळ्या. रविवारी भट्टीजवळ थांबायला तयार असलेलं माणूस ही मोठी गोष्ट आहे.

कुंभारवाड्याचं तुम्ही विचारलं नाहीत, पण मी सांगणार आहे. फतेपुऱ्याकडच्या कुंभारवाड्यात प्रजापती मंडळी अजून काम करतात. तिथे तिला स्टोनवेअर मिळणार नाही, ग्लेझही नाही. निंभाड्यात, म्हणजे आपल्या आव्यात, कुंभाराच्या पारंपरिक भट्टीत, लाकूड-भुशावर भाजलेली सच्छिद्र लाल भांडीच निघतात. पण तुमची मुलगी लाल मातीतच शिकली आहे, तिला ते परकं वाटणार नाही, आणि हाताचा वेग तिथे जसा दिसतो तसा कुठल्याही स्टुडिओत दिसत नाही. फक्त वेळ बघून जावं. उन्हाळ्यात माठांची गर्दी, भाद्रपद लागला की नवरात्रात दिवा ठेवायच्या भोकाभोकांच्या मडक्या, म्हणजे गरबे, त्या संपतात तोवर दिवाळीच्या पणत्या. या काळात ‘मला थोडी जागा द्याल का’ असं विचारणाऱ्याला कोणी वर बघूनही उत्तर देणार नाही. दिवाळीनंतर जावं, कार्तिक-मार्गशीर्षात. किंवा गर्दीतच जावं, पण काही न मागता, गरबे रंगवायला हात लावायला. आणखी एक: बऱ्याच कुंभार घरांत चाकावर पुरुषच बसतात, बायका माती आणि रंगकाम करतात. मुलगी चाकावर बसते म्हटल्यावर आजीबाई गोळा होऊन बघतील. तिनं त्याचा राग मानू नये.

पहिलं वर्ष असं निघालं आणि तिचं विकायला लागलं, तर मग स्वतःच्या जागेचा विचार. मांजलपूरला राहणार म्हणजे मकरपुरा जीआयडीसी, म्हणजे तिथली सरकारी औद्योगिक वसाहत, सायकलच्या अंतरावर. तिथल्या शेडमध्ये थ्री फेज आधीच असतं, आवाजाची तक्रार नसते, माल टेम्पोनं थेट दारात येतो. अख्खी शेड तिला परवडणार नाही. एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याच्या शेडचा कोपरा मिळतो, पण पोटभाडेकरू ठेवायला जीआयडीसीची परवानगी लागते, ती त्यानं काढली आहे का ते कागद बघून खात्री करा, तोंडी ‘थई जशे’ (होऊन जाईल) वर जाऊ नका. शिवाय संध्याकाळी सातनंतर तिथले रस्ते रिकामे होतात. नोकरी करून दुपारी चारला येणारी मुलगी तिथे रोज जेमतेम तीन तासच बसू शकेल, हा हिशोब धरा.

दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांतल्या आपल्या मराठी वाड्यांचं आकर्षण तुम्हालाही वाटेल. मलाही वाटतं. चौक, ओटा, जाड भिंती, मे महिन्यातही थंडावा, आणि मालकीणबाई ‘आमच्याच मुलीसारखी’ म्हणून भाड्यात सूट देणार. घडवायला उत्तम. भट्टी मात्र तिथे बसवायची नाही, कोणी हो म्हटलं तरी नाही. सागवानी खांब-तुळया, सामायिक भिंती, साठ वर्षांपूर्वीची वायरिंग, आणि अग्निशमनची गाडी वळणार नाही अशी पोळ, म्हणजे अरुंद गल्ली. वरच्या मजल्यावर मातीही साठवू नये. ओली माती वजनाला काय असते हे तुम्ही जाणता, दहा-बारा गोण्या एका कोपऱ्यात रचल्या की जुन्या लाकडी जमिनीवर चार माणसं कायमची उभी राहिल्यासारखं होतं.

तळमजल्याचा हट्ट धरलात तर पूर विचारा. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २६ फूट आहे, आणि जुलै २०१९ च्या अखेरीस व पुन्हा ऑगस्ट २०२४ मध्ये ती ओलांडून पाणी घरांत शिरलं. अकोटा, मुजमहुडा, समा, वडसर या पट्ट्यात जागा बघताना दलालाला विचारू नका, शेजारच्या किराणावाल्याला विचारा की २०२४ ला पाणी कुठवर आलं होतं. तो भिंतीवर हात लावून दाखवेल. कच्ची भांडी पाण्यात गेली तर त्यांची परत माती होते, ते फारसं नुकसान नाही. भट्टीची मऊ वीट भिजली, कॉइलचे जोड गंजले, तर ते खरं नुकसान. मगरींबद्दल तिची आई विचारेल. पुरात त्या रस्त्यावर येतात हे खरं आहे, पण त्यांना मातीकामात रस नाही.

पाण्याची वाट हा आणखी एक मुद्दा, घडवायची जागा कुठेही असली तरी. हात धुतलेलं पाणी सरळ मोरीत गेलं की तीन-चार महिन्यांत पाईप तुंबतो आणि जागा जाते. दोन बादल्या आणि एक पिंप: पहिल्या बादलीत हात धुवायचे, गाळ बसला की वरचं पाणी दुसरीत, तिथलं निवळ पाणीच मोरीत. गाळ परत मातीत. आणि कोरडा झाडू कधीच नाही. वाळलेल्या मातीच्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात जाऊन बसते आणि बाहेर येत नाही. ओल्या फडक्यानं पुसायचं, कोरडी ग्लेझ तोलताना एन-९५ मास्क. मावशीच्या घरात लहान मूल किंवा दमेकरी असेल तर हे दुप्पट कडक पाळायचं.

हवा तुमच्याकडच्यापेक्षा टोकाची आहे. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो, सकाळी केलेल्या कपाला दुपारी कान लावायला गेलं की तो आधीच कडक झालेला असतो. प्लास्टिकमध्ये गुंडाळायची सवय जूनच्या आधीपासून लावा. पावसाळ्यात उलटं: वरून कोरडं दिसणारं भांडं आतून ओलं असतं, बिस्कमध्ये शंभर अंश ओलांडताना फुटतं, आणि दुसऱ्याच्या भट्टीत फुटलं की पहिल्या महिन्यातच नाव जातं. जुलै-ऑगस्टमध्ये मालकाला आधीच सांगून भट्टी चार-पाच तास शंभरच्या खाली तापवत ठेवायची विनंती करावी. वाळवायला गच्ची चालेल, फक्त संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात गच्चीवर काही ठेवू नये. उत्तरायणाला बडोद्यातली प्रत्येक गच्ची माणसांनी भरते आणि पतंगामागे मागे सरकणाऱ्या माणसाला पायाखालचं दिसत नाही.

कच्चं काम भट्टीपर्यंत न्यायचं तर रिक्षातून मांडीवर, खाली दुमडलेली गादी. टेम्पोत कच्चं कधीच नाही. बिस्क झालेलं कसंही जातं.

माती साताऱ्याहून मागवत बसू नका, वाहतुकीलाच पैसे जातील. थान-मोरबीकडची पांढरी माती आणि बिकानेरची बॉल क्ले (बारीक चिकट माती) इथे गोण्यांनी मिळते, कुंभारवाड्यातली लाल मातीही मिळते. पहिले दोन महिने तुमची थोडी माती सोबत असावी, तोवर तिनं इथल्या मातीच्या पट्ट्या भाजून आकसण्याचं माप काढावं. स्टोनवेअरला गेली तर झाकणांची मापं सगळी नव्यानं बसवावी लागतील, आणि तेव्हा ती तुम्हाला रोज फोन करेल.

चाक आत्ता पाठवू नका. आधी मावशींना विचारा की मागे पडवी किंवा पत्र्याखालची जागा आहे का, तिची लांबी-रुंदी, तिथे नळ आहे का, आणि त्यांच्या वीजबिलावर मंजूर लोड किती किलोवॅट लिहिला आहे. बिलाचा फोटो आला की मी सांगते चाकाशिवाय तिथे आणखी काय चालेल.